अमेरिकेतून जर्मनीला आणलेली गाडी : मागचे लाल इंडिकेटर, फॉग लाईट आणि ई-मार्क (मदत हवी आहे)

वाटसरू७१
मंडळी नमस्कार. सात वर्षं ओहायोत काढली, आता नोकरीमुळे जर्मनीत आलोय आणि गाडी सोबत आणलीये. विकून टाक म्हणणारे बरेच भेटले, पण मुलगी जन्मली तेव्हा ह्याच गाडीतून घरी आणली होती तिला, त्यामुळे विकायचं मनाला पटेना. जहाजातून गाडी व्यवस्थित पोचली, एक ओरखडा नाही. पण इथे नोंदणीच्या आधी एक पूर्ण तपासणी असते, एसटीव्हीझेडओच्या (जर्मनीच्या वाहन नियमावलीच्या) कलम २१ खाली, तिथे नापास झाली आणि कागदावर जे मुद्दे लिहून दिले ते जवळजवळ सगळे पाठीमागच्या दिव्यांचे.

मागचे इंडिकेटर लाल आहेत. मागे फॉग लाईट नाही. टेललॅम्पवर ई-मार्क (युरोपातल्या मान्यतेचा शिक्का) नाही. आणि बाजूला, म्हणजे मडगार्डवर किंवा आरशात, इंडिकेटर नाही.

गाडी मध्यम सेडान आहे, मागे दोन्ही बाजूला एकच मोठा लाल दिवा. रात्री तोच मंद जळतो, ब्रेक दाबला की तोच प्रखर होतो आणि साईड दिली की तोच लुकलुकतो. अमेरिकेत असताना ह्यात काही वेगळं आहे हे कधी डोक्यातच आलं नाही. मला वेळ मारून नेणारा उपाय नकोय, नीट काम करायचंय, कारण गाडी अजून दहा वर्षं तरी ठेवणार आहे. कुणी ह्यातून गेलंय का?

खटपट्या
दादा एवढं टेन्शन कशाला, नारिंगी बल्ब मिळतो ना, पीवाय२१डब्ल्यू का काय तो, तो टाका आतमध्ये. झालं काम.

तारांचा_गुंता
खटपट्या, तो बल्ब पारदर्शक काचेच्या मागे चालतो, लाल काचेच्या मागे नाही. लाल काच फक्त लाल प्रकाश बाहेर सोडते, बाकीचा गिळते. नारिंगी बल्ब लावला तरी बाहेर लालच येणार आणि तोही आधीपेक्षा मंद. शिवाय तो बल्ब ह्या होल्डरमध्ये बसणारही नाही, त्याच्या खुंट्या मुद्दाम तिरक्या कोनात ठेवलेल्या असतात, म्हणजे साध्या पांढऱ्या बल्बच्या जागी चुकून जाऊ नये आणि साधा त्याच्या जागी येऊ नये.

आणि रंग हा अर्धाच प्रश्न आहे. वाटसरू ह्यांच्या गाडीत ब्रेक आणि इंडिकेटर एकाच फिलामेंटवर (बल्बमधल्या पेटणाऱ्या तारेवर) आहेत. ते आधी वेगळे करायला लागतील. खरी मेहनत तिथे आहे.

खटपट्या
ओके समजलं. धन्यवाद, मला वाटलेलं सोपं असेल.

दीपमाळ
मी दिव्यांच्या टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं काम केलंय म्हणून थोडं सविस्तर लिहिते, कारण हा विषय लोक रंगापुरताच समजतात आणि मग दोन दोनदा खर्च करतात.

जगात ढोबळमानाने दोन पद्धती आहेत. अमेरिकेत एफएमव्हीएसएस १०८ नावाचं एकच मानक आहे आणि तिथे कंपनी स्वतःच जाहीर करते की आमचा दिवा नियमात बसतो, आधी सरकारकडे जाऊन शिक्का आणायचा नसतो. युरोपात आणि इतर बऱ्याच देशांत संयुक्त राष्ट्रांच्या १९५८ च्या कराराखालचे नियम चालतात. तिथे दिवा आधी प्रयोगशाळेत मोजतात, मग मान्यता मिळते, मग काचेवर गोलात ई आणि आकडा उमटवतात. ई१ म्हणजे मान्यता जर्मनीने दिली, ई२ फ्रान्स, ई४ नेदरलँड्स. आकडा कुठलाही असला तरी करारातले बाकीचे देश ती मान्यता धरतात. अमेरिका ह्या करारात नाही, त्यामुळे तिथला दिवा कितीही चांगला असू दे, इथे त्याला ओळखपत्रच नाही.

वाटसरू, तुम्ही एक करा, टेललॅम्पची काच ओल्या फडक्याने पुसा आणि टॉर्च आडवा धरून बारीक अक्षरं वाचा. काय लिहिलंय ते सांगा.

वाटसरू७१
ताई आत्ताच बघून आलो. एसएई, मग ए आय आर एस टी, पुढे पी२, आणि डीओटी. ई कुठेच नाही.

दीपमाळ
बरोबर. एसएई ही अमेरिकन अभियंत्यांची संस्था, डीओटी तिथलं वाहतूक खातं. ए म्हणजे रिफ्लेक्टर, आय म्हणजे इंडिकेटर, आर रिव्हर्स, एस ब्रेक, टी टेल, पी२ म्हणजे बाजूचा मार्कर दिवा. आता युरोपियन दिव्यावर काय शोधायचं तेही लिहून ठेवा, दुकानात उपयोगी पडेल. २ए म्हणजे मागचा इंडिकेटर, एस१ ब्रेक, एफ फॉग, एआर रिव्हर्स, आयए रिफ्लेक्टर, एल नंबर प्लेटचा दिवा. एक गंमतशीर घोटाळा आहे, अमेरिकन आर म्हणजे रिव्हर्स आणि युरोपियन आर म्हणजे टेललॅम्प, तेव्हा अक्षर बघून गडबडू नका. २०१९ मध्ये रिफ्लेक्टर सोडून बाकीचे हे सुटे सुटे नियम एकत्र करून रेग्युलेशन १४८ केलंय, पण जुन्या मान्यतेचे दिवे सर्रास मिळतात. दिवा गाडीवर कुठे आणि कसा बसवायचा ते मात्र रेग्युलेशन ४८ मध्ये आहे, आणि तुमचं घोडं तिथेच जास्त अडणार.

मैलाचा_दगड
एक अडाणी प्रश्न. अमेरिकेत लाल इंडिकेटर का चालवतात? मागच्याला ब्रेक आहे की साईड हे कळायला वेळ लागत असणारच की.

दीपमाळ
अडाणी अजिबात नाही, चांगला प्रश्न आहे. तिथे मागचा इंडिकेटर लाल किंवा नारिंगी दोन्ही चालतो. पूर्वी एकाच बल्बमध्ये दोन्ही कामं उरकायची रीत होती, तार कमी, होल्डर कमी, ती राहिली. शिवाय तिथल्या नियमात ब्रेक आणि इंडिकेटर ह्या प्रत्येकाला किमान ५० चौरस सेंटिमीटर प्रकाशित काच लागते. युरोपात अशी अट नाही. मग डिझायनरला मागे छोटासा नारिंगी पट्टा ठेवायचा असेल तर तो अमेरिकेत पुरत नाही, तेव्हा त्या बाजारासाठी इंडिकेटर सरळ ब्रेकच्या मोठ्या लाल काचेत ढकलतात. एकाच मॉडेलची युरोपात नारिंगी आणि अमेरिकेत लाल अशी दोन रूपं दिसतात त्यामागे बऱ्याचदा हे असतं.

आणि तुम्ही म्हणता ते खरं आहे. अमेरिकेच्याच रस्ते सुरक्षा खात्याने, एनएचटीएसएने, २००९ मध्ये अपघातांची आकडेवारी तपासली तेव्हा वळताना मागून बसणाऱ्या धडका नारिंगी इंडिकेटरच्या गाड्यांत सुमारे ५.३ टक्के कमी निघाल्या. मला स्वतःला वाटतं की एवढा पुरावा पुरे आहे, पण तिथला नियम अजून तसाच आहे.

जुनी_गाडी
माझ्याकडे १९६७ ची अमेरिकन आहे इथे जर्मनीत, लाल इंडिकेटरसकट पास झालीये. १ जानेवारी १९७० च्या आधी पहिल्यांदा रस्त्यावर आलेल्या गाड्यांना इथे लाल चालतात.

वाटसरू७१
काका माझी २०१६ ची आहे, त्यामुळे तो रस्ता बंद.

तारांचा_गुंता
आता मुद्द्याचं. मी माझ्या गाडीवर हे काम केलंय, दोनदा केलं खरं तर, पहिल्यांदा चुकलं म्हणून. सगळं लिहितो.

सगळ्यात आधी तुमच्या मॉडेलची युरोपात विकलेली आवृत्ती आहे का ते शोधा. असेल तर तिचे ई-मार्कवाले टेललॅम्प घ्या, काचेत नारिंगी कप्पा तयार असतो, पत्र्याला भोकं पाडायला लागत नाहीत. बऱ्याचदा लॅम्प तंतोतंत बसतो पण मागचा कनेक्टर वेगळा असतो. नसेल तर ई-मार्कचे छोटे सुटे नारिंगी दिवे बंपरमध्ये बसवायचे. तिथे मापं सांभाळा. जमिनीपासून कमीत कमी ३५० मिलिमीटर उंच, गाडीच्या बाहेरच्या कडेपासून ४०० मिलिमीटरच्या आत, आणि दोन्ही दिव्यांमध्ये किमान ६०० मिलिमीटर अंतर. डिकीच्या झाकणावर लावायचा मोह होतो कारण तिथे सपाट जागा असते. तसं करू नका, झाकण उघडलं की दिवा आकाशाकडे बघतो, आणि झाकण उघडं असतानाही इंडिकेटर मागून दिसलाच पाहिजे.

आता वायरिंग. तुमच्या प्रखर फिलामेंटला जी तार येते तिच्यात ब्रेक आणि इंडिकेटर दोन्ही मिसळून येतात, कंट्रोल युनिटच (दिवे चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर) ते मिसळून पाठवतं. ते वेगळं करायचा स्वच्छ मार्ग गाडीतच आहे. डिकीवरचा किंवा मागच्या काचेतला तिसरा ब्रेक लाईट बघा, तो फक्त ब्रेकला लागतो, इंडिकेटरशी त्याचा संबंध नाही. आणि पुढचे इंडिकेटर फक्त इंडिकेटरला लागतात, ब्रेकशी त्यांचा संबंध नाही. म्हणजे शुद्ध ब्रेक मागे वर मिळतो आणि शुद्ध इंडिकेटर पुढे मिळतो.

मग मागची मिसळलेली तार दोन्ही बाजूला तोडायची. तिसऱ्या ब्रेक लाईटच्या तारेवरून एक रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) चालवायचा आणि त्या रिलेने लाल फिलामेंट पेटवायचे. पुढून डाव्या उजव्या इंडिकेटरची एकेक तार दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून मागे आणायची, तिने दोन रिले चालवायचे आणि त्यांनी नारिंगी दिवे. पुढच्या तारेवर मागचा २१ वॅटचा बल्ब थेट जोडू नका, कंट्रोल युनिटचं ते आउटपुट तेवढ्या ओझ्यासाठी नसतं. रिलेला करंट बॅटरीकडून स्वतंत्र फ्यूज टाकून द्या आणि रिलेच्या प्रत्येक कॉइलवर (आतल्या वेटोळ्यावर) उलटा डायोड लावा, १एन४००७ चालतो. आणि तुमचे बाजूचे इंडिकेटर ह्याच पुढच्या तारेवर निघतात, म्हणजे तोही मुद्दा त्यातच संपला.

ओहमचा_नियम
पुढून तार ओढायची गरज नाही माझ्या मते. मिसळलेला सिग्नल आणि तिसरा ब्रेक लाईट ह्यांची तुलना केली की इंडिकेटर निघतो. दोन्ही सारखे असतील तर नारिंगी बंद, वेगळे असतील तर चालू. ब्रेक दाबलेला असताना साईड दिली तर लुकलुक उलट्या ठेक्यात येते एवढंच, वेग तोच राहतो. तयार मॉड्यूल पण मिळतात असे.

तारांचा_गुंता
अगदी हेच मी पहिल्यांदा केलं होतं आणि इथेच चुकलं. साध्या वळणाला सुंदर चालतं. पण माझ्या गाडीत, आणि अशा बऱ्याच अमेरिकन गाड्यांत, हॅझर्ड (सगळे इंडिकेटर एकदम) चालू असताना ब्रेक दाबला की मागे ब्रेक जिंकतो, दोन्ही लाल दिवे स्थिर होतात. तुमच्या हिशोबाने मिसळलेला सिग्नल चालू, तिसरा ब्रेक पण चालू, दोन्ही सारखे, म्हणजे नारिंगी बंद. ऑटोबानवर (इथल्या हायवेवर) पुढे अचानक रांग लागली की लोक इथे हॅझर्ड लावतात आणि पाय ब्रेकवर असतो, आणि नेमक्या त्याच क्षणी माझ्या गाडीचे मागचे हॅझर्ड विझत होते. मला स्वतःला ते कळलंही नव्हतं, मागून येणाऱ्या मित्राने फोन करून सांगितलं. त्या रात्री झोप नीट लागली नाही. दुसऱ्या आठवड्यात सगळं काढलं आणि पुढून तार आणली.

ओहमचा_नियम
हे लक्षातच आलं नव्हतं. मान्य, पुढूनच आणा.

वाटसरू७१
एक शंका. तार तोडली की कंट्रोल युनिटला वाटणार ना मागचा बल्ब गेला, मग डॅशबोर्डवर इंडिकेटर टकटकटक जोरात पळेल?

तारांचा_गुंता
हो पळेल. तोडलेल्या टोकाला ६ ओहमचा ५० वॅटचा रेझिस्टर लावायचा म्हणजे त्याला बल्ब असल्यासारखं वाटतं. पण इथे नीट ऐका. १३.५ व्होल्टला त्या रेझिस्टरवर ३० वॅट उष्णता होते. इंडिकेटरला तो अर्धा वेळच चालू असतो, पण त्या तारेत ब्रेकही येतो हे विसरू नका, सिग्नलला ब्रेक दाबून दोन मिनिटं उभे राहिलात की सलग ३० वॅट. मी पहिला रेझिस्टर डिकीतल्या अस्तराच्या मागे नुसता टायने बांधला होता, आठवड्याने वास आला म्हणून अस्तर काढलं तर प्लॅस्टिकची क्लिप वितळून पत्र्यावर ओघळली होती आणि अस्तराला तळहाताएवढा तपकिरी डाग. पत्र्यावरच स्क्रूने आवळा, मध्ये उष्णता नेणारी पेस्ट, आणि आजूबाजूला चार बोटं तरी काही नको.

अजून एक, ह्यामुळे नारिंगी बल्ब खरंच गेला तर गाडी तुम्हाला सांगणार नाही. नियम म्हणतो की इंडिकेटर बंद पडला तर चालकाला कळलं पाहिजे. मी नारिंगीच्या तारेवर करंट बघणारं छोटं सर्किट टाकून डॅशवर एक दिवा दिलाय. तपासनीसाने त्याबद्दल विचारलं होतं.

चाकावरचा
एलईडी बल्ब टाकले तर? कमी करंट, कमी उष्णता.

दीपमाळ
जो लॅम्प फिलामेंट बल्बसाठी मान्य झालाय त्यात एलईडी बल्ब टाकला की त्या लॅम्पची मान्यता उरत नाही. आतल्या परावर्तकाचा आकार फिलामेंट नेमकं कुठे आहे हे धरून केलेला असतो, प्रकाश दुसऱ्या जागेवरून निघाला की समोरून झगमगीत दिसतो पण बाजूने अंधार. इंडिकेटर बाहेरच्या बाजूला ८० अंशांपर्यंत दिसावा लागतो, शेजारच्या लेनमधल्या मोटरसायकलवाल्याला तोच कोन कामाचा असतो. एलईडीच हवा असेल तर ज्याची मान्यताच एलईडी म्हणून आहे असा पूर्ण लॅम्प घ्या.

वाटसरू७१
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. युरोपियन आवृत्तीचे टेललॅम्प मिळालेत, नारिंगी कप्प्यासकट, पण त्यात फॉग नाहीये, युरोपात तो बंपरमध्ये होता म्हणे आणि तो बंपर मिळत नाही. फॉगचं काय करू?

दीपमाळ
एक फॉग पुरतो, पण तो मध्यभागी किंवा डावीकडे पाहिजे कारण जर्मनीत वाहतूक उजवीकडून चालते. उंची २५० ते १००० मिलिमीटर. आणि ब्रेक लाईटपासून १०० मिलिमीटरपेक्षा जास्त लांब, हे अंतर काचेच्या उजळणाऱ्या कडेपासून मोजतात. कारण साधं आहे, टेललॅम्पला किमान ४ कँडेला (प्रकाशाची तीव्रता मोजायचं एकक) लागतात, ब्रेकला ६०, आणि फॉगला १५०. शेजारी शेजारी असले तर फॉगच्या उजेडात ब्रेक लागलेला कळणारच नाही. म्हणून टेललॅम्पमध्येच मोठा बल्ब टाकून फॉग करता येत नाही, एफ अक्षर असलेला वेगळा दिवा घ्या.

तारांचा_गुंता
आणि नुसतं स्विच लावून भागत नाही. हेडलाईट किंवा पुढचे फॉग चालू असतील तरच मागचा फॉग लागला पाहिजे, आणि एकदा दिवे बंद केले की पुढच्या वेळी तो आपोआप लागता कामा नये. त्यासाठी दाबून सोडायचं बटण घ्या आणि स्वतःला धरून ठेवणारा रिले करा. रिलेला करंट लो बीमच्या तारेवरून. बटण दाबलं की रिले ओढला जातो आणि स्वतःच्याच संपर्कातून कॉइल धरून ठेवतो, हेडलाईट बंद केले की करंट जातो, रिले सुटतो, परत बटण दाबेपर्यंत सुटलेलाच. फॉग बंद करायला दुसरं बटण, कॉइलच्या तारेतच, दाबलं की तोडणारं. डॅशवर नारिंगी दिवा पाहिजेच.

लो बीमची तार आधी तपासा, पण मीटरने नव्हे, ऑसिलोस्कोपने (सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारं यंत्र). तुमच्या गाडीत ती तुटक तुटक पल्सने चालत असेल तर रिले गुणगुणतो आणि धरत नाही.

मैलाचा_दगड
हा फॉग लोक पावसात पण लावतात, मागच्याच्या डोळ्यात जातो.

दीपमाळ
जर्मनीत तो धुक्यामुळे ५० मीटरच्या पुढचं दिसत नसेल तरच लावायचा. रस्त्याकडेचे पांढरे खांब साधारण ५० मीटरवर असतात, पुढचा खांब दिसत असेल तर फॉग बंद ठेवा.

वाटसरू७१
तीन आठवड्यांनी लिहितोय. काम झालं, शेवटचे दोन शनिवार रविवार गॅरेजमध्येच गेले. लो बीमची तार पल्सवालीच निघाली, म्हणून रिलेला करंट तिच्यावरून न देता लाईटच्या मेन स्विचच्या मागून एक सरळ सिग्नल घेतला. रेझिस्टर चाकाच्या कमानीच्या पत्र्यावर बसवले, आतून. फॉग डावीकडे बंपरखाली, जमिनीपासून ३८० मिलिमीटर, ब्रेक लाईटपासून खूपच लांब.

तपासणीच्या आदल्या रात्री गाडी गॅरेजच्या पांढऱ्या भिंतीकडे पाठ करून लावली, बायको आत बसली, मी मागे उभा. ती ब्रेक दाबते, भिंतीवर दोन लाल डाग, स्थिर. मग डावी साईड, लाल तसेच आणि बाजूला नारिंगी लुकलुकतोय. मग हॅझर्ड आणि ब्रेक एकदम. पाय उचलू नकोस म्हणालो आणि दोन मिनिटं बघत राहिलो, एकदाही चुकला नाही. मुलगी पण मागे येऊन उभी राहिली होती, तिने घड्याळ लावून मोजले, मिनिटाला ८४. नियम ६० ते १२० चा आहे.

काल परत गेलो. तपासनीस बाईंनी आधी सगळ्या लॅम्पवरचे ई-मार्क वाचून कागदावर उतरवले, मग मोजपट्टीने फॉगची उंची, मग डिकी उघडून बघितली. मग मला म्हणाल्या हॅझर्ड लावा आणि ब्रेक दाबून धरा. तारांचा_गुंता, तेव्हा तुमची आठवण आली. त्यानंतर हेडलाईट बंद करून परत लावायला सांगितले, फॉग विझलेलाच राहिला, त्यांनी मान हलवली आणि पुढच्या मुद्द्याकडे गेल्या.

पास झाली. एकच राहिलं, इथली लांब नंबर प्लेट ५२० मिलिमीटरची आणि माझ्या डिकीतला खाचा अमेरिकन ३०५ बाय १५२ चा, तिथे ती बसत नाही. प्लेट खाचाच्या पुढे पट्टीवर लावायची तर प्लेटचा दिवा दोन्ही टोकांना पोचत नाही, त्यामुळे एल मार्कचे दोन दिवे मागवलेत.

तारांचा_गुंता
अभिनंदन! प्लेटचे दिवे टेललॅम्पच्या तारेवरच घ्या, पण आधी तिथे पल्स आहेत का बघा, असतील तर रिले नको, थेट जोडा, बल्बला पल्सने काही होत नाही. आणि दिवे प्लेटच्या वरून खाली प्रकाश टाकतील असे बसवा, पांढरा उजेड थेट मागच्या गाडीला दिसता कामा नये.

वाटसरू७१
बरं झालं सांगितलंत, मी बाजूने लावणार होतो. वरून लावतो.